आजोबांची झोप

तुमच्या घरी दादाजान असतील, नानी असतील. मराठीत 'दादा' म्हणजे मोठा भाऊ, म्हणून या पाठात आपण आजोबा आणि आजी म्हणू या. या वयाच्या माणसांची एक तक्रार तुम्ही ऐकलीच असेल, "रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही." त्यावर घरातले लोक म्हणतात, "वय झाले, आता झोप कमी होणारच."

हे म्हणणे अर्धेच खरे आहे. वयाबरोबर झोप बदलते. झोपेचा काही भाग उथळ असतो, तर काही भाग गाढ. गाढ झोपलेल्या मुलाला उचलून दुसऱ्या खोलीत नेले तरी ते जागे होत नाही. म्हातारपणी ही गाढ झोप पुष्कळ कमी होते. स्वयंपाकघरात भांडे पडले तरी आजोबा दचकून उठतात. पण झोपेची गरज फारशी कमी होत नाही. पासष्टीनंतरही रात्री ७ ते ८ तास झोप हवी, असे तज्ज्ञ सांगतात.

मग उरलेले कारण कोणते? ते दिवसात शोधावे लागते. मालेगाव किंवा भिवंडी येथील एखाद्या विणकराचा विचार करा. चाळीस वर्षे तो यंत्रमागापुढे उभा राहिला. रात्री पाठ टेकली की त्याला झोप येई. आता काम मुलांनी सांभाळले आहे. तो सकाळी ओट्यावर बसतो, दुपारी दोन तास झोपतो, संध्याकाळी तीन-चार वेळा चहा घेतो. अशा माणसाला रात्री झोप कशी यावी? आपण जागे असतो तेव्हा मेंदूत ॲडेनोसिन नावाचे द्रव्य हळूहळू साठते. ते जितके साठते तितकी झोपेची ओढ वाढते. दुपारच्या लांब झोपेने ही ओढ कमी होते. चहातील कॅफिन ॲडेनोसिनचे काम अडवते. उलट, शरीराला श्रम झाले की झोपेची ओढ वाढते.

हे केवळ अंदाजाने सांगितलेले नाही. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने ५० ते ७६ वर्षे वयाच्या ४३ जणांवर एक प्रयोग केला. तो १९९७ साली प्रसिद्ध झाला. ही सर्व माणसे बैठे जीवन जगत होती आणि त्यांना झोपेची तक्रार होती. त्यांतील काही जणांना आठवड्यातून चार वेळा, ३० ते ४० मिनिटे, झपझप चालणे किंवा हलका व्यायाम दिला. बाकीच्यांना दिला नाही. १६ आठवड्यांनंतर व्यायाम करणारे पूर्वीपेक्षा लवकर झोपी जाऊ लागले, आणि त्यांची रात्रीची झोप सुमारे पाऊण तासाने वाढली. औषध काहीच नव्हते!

औषधाचा मुद्दा महत्त्वाचा आहे. झोप येत नाही म्हणून पुष्कळ वृद्ध माणसे गोळ्या घेतात. गोळीची गुंगी लवकर उतरत नाही. मध्यरात्री लघवीला उठताना तोल जातो, माणूस पडतो आणि खुब्याचे हाड मोडते. या वयात ते दुखणे माणसाला कायमचे अंथरुणाला खिळवू शकते. अर्थात, डॉक्टरांनी दिलेली गोळी आपल्या मनाने एकदम बंद करणेही धोक्याचे असते.

आजोबांनी मैदानावर धावायला हवे असे नाही. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, एवढा वेग पुरे. हृदयाचे दुखणे असेल, चालताना छातीत दुखत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. सकाळची वेळ उत्तम, कारण सकाळच्या उजेडाने शरीरातील घड्याळ ठीक चालते. फजरची नमाज पढून बाहेर पडणाऱ्यांना ही वेळ आयतीच मिळते. सायंकाळी चालले तरी चालते. फक्त अगदी झोपण्यापूर्वी दमछाक करणारा व्यायाम नको. दुपारची डुलकी अर्ध्या तासाची असावी.

एक अडचण मात्र येते. आज चालले आणि आजच रात्री गाढ झोप लागली, असे होत नाही. शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात निद्रानाश असलेल्या ११ स्त्रियांची पाहणी झाली, ती २०१३ साली प्रसिद्ध झाली. एका दिवसाच्या व्यायामाने त्याच रात्रीची झोप सुधारली नाही. उलट, ज्या रात्री झोप नीट झाली नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशी व्यायाम कमी झाला. फायदा दिसायला महिने लागले. पुष्कळ माणसे त्याआधीच कंटाळतात, आणि कंटाळा यावा हे मला स्वाभाविकच वाटते. रात्रभर कूस बदलत राहिलेले आजोबा सकाळी म्हणतील, "आज नको रे, अंग जड झाले आहे." अशा दिवशी नातवाने त्यांच्या चपला दारापुढे नीट ठेवाव्यात आणि सोबत निघावे. अर्धा तास न जमला तर दहा मिनिटे, गल्लीच्या टोकापर्यंत.