२५ डिसेंबर : शेजाऱ्याचा सण आणि आपली भूमिका

२५ डिसेंबर हा दिवस आमच्या वसतिगृहात दोन निमित्तांनी येतो. १९२७ साली याच दिवशी महाड येथील सत्याग्रह परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले. आणि याच दिवशी जगभरचे ख्रिस्ती बांधव नाताळ साजरा करतात. डिसेंबर उजाडला की पालकांपैकी कोणी ना कोणी आम्हांस विचारतात : बौद्धांनी चालविलेल्या शाळेच्या ओसरीवर चांदणीचा कंदील कशासाठी?

हा प्रश्न आम्ही रास्त मानतो. ‘सर्व धर्म सारखेच’ असे म्हणून मोकळे होता येईल. परंतु ते खरे नाही. ख्रिस्ती मनुष्य ज्या सृष्टिकर्त्या ईश्वरावर श्रद्धा ठेवतो, त्याला बुद्धांच्या धम्मात स्थान नाही. हा भेद झाकून जुळविलेला सलोखा पहिल्याच वादात तुटतो. तेव्हा विचार करावयाचा तो असा की, जे आपण मानीत नाही ते मानणाऱ्याशी आपण कसे वागावे?

या बाबतीत मज्झिम निकायातील उपालिसुत्त आम्हांस फार मोलाचे वाटते. नालंदेचा धनाढ्य गृहपती उपाली हा निगंठांचा, म्हणजे जैन श्रमणांचा, उपासक. तो बुद्धांशी वाद करावयास आला आणि त्यांचे म्हणणे पटून त्यांचाच उपासक होण्यास सिद्ध झाला. एवढा प्रतिष्ठित अनुयायी मिळत असता दुसरा कोणी हर्षभरित झाला असता. बुद्धांनी मात्र त्याला प्रथम नीट विचार करण्यास सांगितले. पुढे ते म्हणाले की, तुझ्या घराचा निगंठांना दीर्घकाळ आधार आहे; ते दारी आले तर त्यांना भिक्षा देणे थांबवू नकोस. येथे एक गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. निगंठांचे मत बुद्धांनी मान्य केलेले नाही. त्याच संवादात त्यांनी त्याचे सविस्तर खंडन केले आहे. मत खोडले, पण भिक्षा तोडली नाही.

अशोकाच्या बाराव्या शिलालेखाचा आशयही याला धरूनच आहे. स्वतःच्या पंथावरील भक्तीपोटी जो दुसऱ्याच्या पंथाची निंदा करतो, तो आपल्याच पंथाची अधिक हानी करतो, असे सम्राटाने गिरनारच्या खडकावर कोरून ठेवले. त्याने सांगितलेला उपाय म्हणजे वाणीचा संयम आणि एकमेकांचा धम्म ऐकून घेणे. आपला पंथ सोडा असे तो कोणास सांगत नाही. (हा सम्राट उत्सवांचा फारसा चाहता नव्हता, हेही सांगून टाकावे, पहिल्याच लेखात त्याने ‘समाज’ म्हणजे उत्सवी मेळाव्यांविषयी नापसंती नोंदविली आहे. परंतु सर्व पंथीयांनी सर्वत्र राहावे, अशी त्याची सातव्या लेखातील इच्छा आहे.)

अशोकाच्या आठव्या व नवव्या लेखांचे तुकडे आपल्या महाराष्ट्रात सोपाऱ्यास मिळाले. तेथील स्तूपाचे उत्खनन १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी केले. हे सोपारे ज्या वसई तालुक्यात आहे, तेथे डिसेंबरात जाऊन पाहावे. घरोघरी चांदण्या लागलेल्या असतात, अंगणात येशूजन्माचे गोठे उभे असतात, आणि चर्चमधली उपासना मराठीत चालते. ‘नाताळ’ हा शब्दच मुळी पोर्तुगीज. तो आता पूर्णपणे आपला झाला आहे. पोर्तुगीज अमलात धर्माच्या नावाखाली जुलूम झाले, हा इतिहास आम्ही नाकारीत नाही. परंतु १७३९ साली संपलेल्या त्या सत्तेचा जाब आज वसईत केळी पिकविणाऱ्या शेतकऱ्याला त्याच्या कंदिलाखाली विचारणे हा शुद्ध अन्याय होय. याच वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० च्या उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. एका धर्मगुरूची निवड काहींना रुचली नाही. मराठीने मात्र ती स्वीकारली.

आता आपल्या मुलांकडे वळू. संविधानाचा अनुच्छेद २५ धर्म आचरण्याचे स्वातंत्र्य देतो, तसेच सद्सद्विवेकबुद्धीचेही देतो. म्हणजे सण करण्याचा हक्क आणि तो न करण्याचा हक्क, दोन्ही. अनुच्छेद २८ अन्वये मान्यताप्राप्त शाळेत मुलाला त्याच्या पालकांच्या संमतीवाचून धार्मिक उपासनेस बसविता येत नाही. केरळमधील तीन भावंडे आपल्या श्रद्धेमुळे राष्ट्रगीत गात नसत, पण ते चालू असता आदराने उभी राहत. त्यांना शाळेतून काढण्यात आले, तेव्हा १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घेण्यास सांगितले.

आपल्या समाजाला याची किंमत पुस्तकातून शिकावी लागत नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातील किती मुले अन्य शाळांत सरस्वतीपूजनाच्या वेळी हात न जोडता उभी राहिली असतील, आणि किती जणांना त्याबद्दल बोलणी खावी लागली असतील! जो हक्क आपण तेथे मागतो, तोच येथे, जेथे बहुसंख्य आपण आहोत, ख्रिस्ती मुलाला दिला पाहिजे. आणि जो नाताळापासून दूर राहू इच्छितो त्यालाही.

महाडच्या स्मृतीशी या कंदिलाचा विरोध आहे, असेही आम्हांस वाटत नाही. परिषदेला जागा मिळू नये असे प्रयत्न झाले, तेव्हा मंडपासाठी जागा दिली ती फत्तेखान या मुस्लिम गृहस्थांनी. मनुस्मृतिदहनाचा ठराव मांडला तो जन्माने ब्राह्मण असलेल्या बापूसाहेब सहस्रबुद्धे यांनी. बाबासाहेबांनी त्या दोघांनाही पंथ विचारून दूर केले नाही.

म्हणून आमच्याकडे त्या दिवसाचा क्रम असा ठरला आहे. सकाळी वंदना व महाडच्या इतिहासाचे वाचन. सायंकाळी ख्रिस्ती मुले ओसरीवर कंदील लावतात, गोठा मांडतात आणि आपला सण आपल्या शब्दांत सांगतात. प्रार्थना ज्याची त्याने करावयाची. फराळ सर्वांना. ज्याला तेथे यावयाचे नसेल त्याच्यासाठी वाचनालय उघडे असते, आणि त्याचा फराळ तेथे पोहोचविला जातो. कारण विचारले जात नाही.