तेहरानच्या बाजारातील एक मंत्री

व्यापाऱ्याने राजकारणात पडावे की नाही, हा वाद आपल्या पेढ्यांवर वरचेवर निघतो. म्हणून इराणमधील एका बाजारकऱ्याचे चरित्र आम्ही येथे अभ्यासास घेतले आहे.

हबीबुल्ला असगरऔलादी यांचा जन्म १९३२ साली तेहरानात झाला. तेथील मोठा बाजार म्हणजे केवळ खरेदीविक्रीची जागा नव्हे. मशीद, मदरसा, पत, दानधर्म सारे त्याच्याच गल्ल्यांत. १९६३ साली शहाच्या सरकारने आयातुल्ला खोमेनींस अटक केली. त्याच वर्षी त्यांच्या बाजारातील अनुयायांनी जी संघटना उभारली, तिच्या संस्थापकांत असगरऔलादी होते. जानेवारी १९६५ मध्ये तिच्या लोकांनी पंतप्रधान हसन अली मन्सूर यांना गोळ्या घालून ठार केले. चौघे फासावर गेले. असगरऔलादींस जन्मठेप झाली व दशकाहून अधिक काळ तुरुंगात गेला. त्या हत्येचे समर्थन आमच्याने कदापि होणार नाही.

१९७९ मध्ये क्रांती झाली आणि १९८१ साली हे गृहस्थ वाणिज्यमंत्री झाले. आपल्या कामाचा भाग येथून पुढे आहे. इराकशी युद्ध चालू होते, नित्याचे जिन्नस कूपनांवर मिळत. आयात व वाटप सरकारने हाती घ्यावे, असा पंतप्रधान मीर हुसैन मूसावी यांचा कल. बाजाराचा व्यवहार बाजाराकडेच राहावा, असा मंत्र्यांचा. अखेर १९८३ साली त्यांनी राजीनामा दिला. साठ्याच्या मर्यादेचा हुकूम येताच ज्यांनी रात्री जागून गोण्या मोजल्या आहेत, त्या आम्हांस त्यांची बाजू चटकन पटते. पण त्यांचे बंधू असदुल्ला हे पिस्ते व जिरे यांचे बडे निर्यातदार! मंत्री बोलतो ते तत्त्वासाठी की गोतावळ्यासाठी, अशी शंका गिऱ्हाइकास यावी, यात नवल ते काय? त्या खुर्चीवर आम्ही असतो, तर ती आमच्यावरही आली असती. गरिबांसाठी काढलेल्या मदत समितीची धुरा त्यांनी पुष्कळ वर्षे वाहिली, हेही जमेस धरले पाहिजे.

१९८१ व १९८५ साली ते अध्यक्षपदासाठी उभे राहिले व हरले. पुढे २००९ च्या निवडणुकीनंतर मूसावी सरकारच्या रोषास पात्र झाले. २०११ पासून ते घरीच नजरकैदेत होते. जानेवारी २०१३ मध्ये असगरऔलादींनी जाहीरपणे सांगितले की, मूसावींस आपण फितुरीचे सूत्रधार मानीत नाही. स्वपक्षीयांनी त्यांच्यावर टीकेची झोड उठविली. त्याच वर्षी ५ नोव्हेंबर रोजी त्यांचे निधन झाले.