कॉम्पॅटिबल पीसी आणि आपला 'क्ष'

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे शुद्धलेखनाला सांभाळून घ्या. पण हा लेख मी स्वतः इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर टाइप केलाय (मेसची वेळ टळली तरी!). टाइप करताना प्रश्न पडला, पीसीला देवनागरी कुणी शिकवली?

सुरुवात आयबीएमपासून. 12 ऑगस्ट 1981 ला त्यांचा पीसी आला. घाईत बनवल्यामुळे पार्ट्स बाजारातले होते : प्रोसेसर इंटेलचा 8088, डॉस मायक्रोसॉफ्टची. कुणीही विकत घ्यावेत असे. आयबीएमचा स्वतःचा म्हणावा असा होता फक्त बायॉस, आणि त्यावर कॉपीराइट. 1982 मध्ये कोलंबिया डेटा प्रॉडक्ट्सने आणि पाठोपाठ कॉम्पॅकने तोही नव्याने लिहिला. कॉम्पॅकची युक्ती भारी होती. एका टीमने आयबीएमचा बायॉस वाचून तो काय करतो एवढंच लिहून द्यायचं. ज्यांनी तो पाहिलेलाच नाही अशा दुसऱ्या टीमने त्यावरून कोड लिहायचा. म्हणजे कॉपी नाही! (आपल्या जर्नल्सना हा नियम लावला तर सबमिशनला कोण उरेल?)

आयबीएम 1978 लाच भारतातून गेली होती. आपल्याकडे पीसी रुळला तो या कॉम्पॅटिबल मशीन्समुळेच. मशीन कुणाचंही असो, स्लॉट तोच, डॉस तीच. म्हणून एकच कार्ड सगळीकडे चालायचं.

इथे पुणे येतं. सी-डॅक म्हटलं की आपल्याला 'परम' आठवतो. पण 1988 मध्ये सी-डॅक सुरू झालं तेव्हा आयआयटी कानपूरमधलं 'जिस्ट'चं काम मोहन तांबे यांच्याबरोबर पुण्यात आलं. जिस्ट कार्ड पीसीच्या स्लॉटमध्ये बसवलं की वर्डस्टार, डीबेससारख्या इंग्रजी प्रोग्रॅममध्ये, त्यांना हात न लावता, मराठी उमटायची. ॲस्की पहिले 128 कोड वापरतं. वरचे 128 भारतीय लिप्यांना दिले. हाच इस्की, 1991 मध्ये भारतीय मानक झालेला. प्रोग्रॅमला वाटायचं साधे बाइट्स आहेत. अक्षरं जोडायचं काम कार्डचं.

मला सगळ्यात आवडलं ते हे, की 'क्ष' असा वेगळा कोडच नाही. क, हलन्त आणि ष असे तीन कोड साठवायचे, दाखवताना एक करायचे. युनिकोडने देवनागरीची मांडणी 1988 च्या इस्कीवरूनच घेतली. खोटं वाटत असेल तर मोबाइलवर 'क्ष' टाइप करा आणि एकदाच बॅकस्पेस दाबा. बहुतेक फोनवर 'क्' उरेल.