व्यंग्य आणि व्यंग

'व्यंग' म्हणजे शारीरिक उणीव. 'व्यंग्य' म्हणजे न बोलतां सुचविलेला अर्थ. पहिला शब्द 'वि' आणि 'अंग' यांपासून, दुसरा 'वि' उपसर्ग लागलेल्या 'अंज्' धातूपासून झाला. भेद एका यकाराचा. आणि निबंधाच्या वह्यांत नेमका तोच गळतो!

शब्द सांगतो तो वाच्यार्थ, सुचवितो तो व्यंग्यार्थ. काश्मीरच्या आनंदवर्धनानें नवव्या शतकांत 'ध्वन्यालोक' ग्रंथांत अशा सूचित अर्थास 'ध्वनि' म्हणून काव्याचा आत्मा मानिलें. परंतु व्यंग्य केवळ काव्यांतच वसतें असें नाहीं. श्रावणांत पेणचा मूर्तिकार म्हणतो, "माती अजून ओली आहे". मूर्ति आज मिळणार नाहीं हें गिऱ्हाईक समजतें. रोह्यास कुंडलिकेच्या कांठीं खेळणाऱ्या मुलास आई तिन्हीसांजेस "दिवे लागले रे" एवढेंच म्हणते.

फीविषयीं विचारिलें असतां एक विद्यार्थी खालीं पाहून म्हणाला, "बाबा अजून मुंबईहून आले नाहींत." त्यावर "मग कधीं येणार?" हा प्रश्न व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. आम्हीं तो भर वर्गांत विचारिला. दुसऱ्या दिवशीं त्याचें बांक रिकामें होतें.