द्राक्षाचा भाव कुठे ठरतो?

माघ संपत आला की जालन्याच्या बाजारात द्राक्षाच्या पेट्या दिसू लागतात. एका आठवड्यात भाव बरा असतो. पुढच्या आठवड्यात तीच बाग, तीच गोडी, आणि भाव मात्र खाली येतो. मग बागाईतदार म्हणतो, "व्यापाऱ्यांनी संगनमत केले." कधी कधी ते खरेही असते. पण दर वेळी तेच कारण नसते. भाव पडण्याचे कारण पुष्कळदा आपल्या शिवारात नसतेच. ते शंभर कोसांवरच्या दुसऱ्या कुणाच्या बागेत असते. ते कसे, हे या पाठात पाहू. पाठ जरा लांब आहे. एका बैठकीत झाला नाही तर दोन बैठकांत वाचा.

आपल्या जालना तालुक्यात कडवंची नावाचे गाव आहे. पूर्वी हे गाव कोरडवाहू होते. १९९६ सालापासून तिथे पाणलोटाचे काम झाले. खरपुडीचे कृषी विज्ञान केंद्र आणि गावकरी यांनी मिळून ते केले. उतारावर चर खणले, शेतांना बांध घातले, नाले अडवले. पावसाचे पाणी वाहून न जाता जमिनीत मुरू लागले. पुढे शेतकऱ्यांनी शेततळी खणली. तळ्यात जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरला, म्हणजे पाणी झिरपून जात नाही. ठिबकच्या नळ्या आल्या आणि त्यावर द्राक्षाच्या बागा उभ्या राहिल्या. २०१२ साली मोठा दुष्काळ पडला. जिल्ह्यात पिण्याच्या पाण्याचे टँकर फिरत होते. तेव्हाही कडवंचीच्या कितीतरी बागा या तळ्यांवर तगल्या. हे लहान काम नव्हे.

पाणी साधले, बाग आली. आता प्रश्न उरतो विक्रीचा. त्यासाठी आधी वेलीचे वर्ष समजून घ्यावे लागते.

थंड मुलखात द्राक्षाची वेल हिवाळ्यात पाने गाळून झोपी जाते आणि वर्षातून एकदा फळते. आपल्याकडे तेवढी थंडी नाही. म्हणून आपण वर्षातून दोनदा छाटणी करून वेलीला चालवतो. एप्रिलच्या सुमारास होते ती खरड छाटणी. तिच्यानंतर नवी काडी फुटते. त्या काडीच्या डोळ्यांत पुढच्या घडाचा गर्भ धरतो. हे काम छाटणीनंतर दीड-दोन महिन्यांत होते. डोळ्याला दिसत नाही, पण होते. या दिवसांत वेलीला स्वच्छ ऊन लागते. दुसरी ती गोडी छाटणी. ती बहुतेक ठिकाणी सप्टेंबर-ऑक्टोबरात करतात. मग घड बाहेर पडतो, फुलतो, मणी धरतो. बाया घडातले जास्तीचे मणी काढून विरळणी करतात. हे फार नाजूक काम आहे. छाटणीपासून चारेक महिन्यांनी माल तोडणीला येतो.

आता नीट ध्यानात घ्या. ज्या दिवशी गोडी छाटणी केली, त्याच दिवशी विक्रीचा महिना ठरून गेला. मोसंबी झाडावर काही दिवस थांबते. ज्वारी कणगीत वर्षभर राहते. द्राक्ष फार थांबत नाही. शिवाय आंबा-केळीसारखे ते तोडल्यावर पिकत नाही. वेलीवर जेवढी गोडी आली तेवढीच. भाव चढा आहे म्हणून कुणी आंबट माल तोडला, तर गिऱ्हाईक एकदा फसते आणि आठ दिवस द्राक्षाकडे बघत नाही. त्याचा फटका शेजाऱ्यालाही बसतो. गोडी मोजायचे एक लहानसे यंत्र मिळते. काचेवर रसाचा थेंब टाकायचा आणि डोळा लावून आकडा वाचायचा. अठराच्या आसपास आकडा आला की माल गोड समजावा. आता आकडे वाचता येतात, तेव्हा हे काम तुमचे तुम्हाला जमेल.

महाराष्ट्रात द्राक्ष सगळीकडे एकाच वेळी येत नाही. नाशिक जिल्ह्यात बागलाण म्हणजे सटाण्याचा भाग आहे. तिथले शेतकरी जून-जुलैत, भर पावसात, गोडी छाटणी करतात. त्यांचा माल नाताळच्या आतबाहेर बाजारात असतो. तेव्हा बाजार मोकळा असतो, म्हणून भाव चांगला मिळतो. पण धोकाही तेवढाच. पावसात फुलोरा सापडला की केवडा रोग येतो, घड कुजतात, आणि फवारणीवर फवारणी करूनही कधी कधी हाती काही लागत नाही. त्यांना मिळतो तो भाव जुगाराचा आहे, असे माझे मत आहे. तिकडच्या बागाईतदारांना ते पटणार नाही.

त्यानंतर निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत हा नाशिकचा मोठा पट्टा येतो. पुणे जिल्ह्यात जुन्नर-नारायणगावची काळी द्राक्षे येतात. सांगली जिल्ह्यात तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ, सोलापूर जिल्ह्यात पंढरपूर, बार्शी आणि नान्नज, आणि त्यापलीकडे कर्नाटकात विजापूर. आपल्या जालन्याचा मालही त्यातच. फेब्रुवारी-मार्चात हे सगळे एकदम तोडणीला येतात. दिल्ली-कोलकात्याच्या बाजारात सगळ्यांच्या गाड्या एकामागे एक उभ्या राहतात. तिथे भाव उतरला की चार दिवसांत तो कडवंचीच्या बांधावर येऊन पोचतो.

एवढ्यावर भागत नाही. आपला काही माल युरोपात जातो. तिथे त्याच दिवसांत चिली आणि दक्षिण आफ्रिका या देशांचा माल उतरतो. हे देश पृथ्वीच्या दक्षिण अर्ध्यात आहेत. आपला हिवाळा तो त्यांचा उन्हाळा. त्यांचा माल तिकडे जास्त उतरला, की आपला परदेशी भाव दबतो. बांगलादेशही आपली द्राक्षे पुष्कळ घेतो. त्याने आयातीवरचा कर वाढवला, तर तिकडे जायचा माल आपल्याच बाजारात फिरतो.

मागणीचेही असेच आहे. उत्तरेकडे कडाक्याची थंडी असली की लोक द्राक्ष कमी खातात. ऊन तापू लागले की मागणी वाढते. रमजानच्या महिन्यात रोजा सोडताना फळे लागतात, तेव्हाही वाढते. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०२५ साली तो मार्चमध्ये होता. घरात कॅलेंडर आहे ना? त्यात पुढच्या वर्षीचा रमजान शोधा आणि आपल्या तोडणीची तारीख त्याच्याशी जुळते का, ते पाहा.

हवामान तर सर्वांच्या वर. निफाडला थंडी फार पडते. पारा खाली गेला की मण्यांची वाढ थांबते. बागाईतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. तिकडची तोडणी लांबली, की आपल्याला आठ-दहा दिवसांची फट मिळते. माल तयार व्हायच्या वेळी पाऊस आला तर मणी तडकतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चात मराठवाड्यात, नाशकात, सोलापुरात गारपीट झाली. काढणीला आलेल्या बागा जमिनीला मिळाल्या. २०२० च्या मार्चात साथीमुळे टाळेबंदी लागली. माल वेलीवर गोड होता, पण गाडी नाही, मजूर नाही, बाजार बंद. त्या वर्षी पुष्कळांनी द्राक्षाचा बेदाणा केला. २०२५ साली आणखी निराळे झाले. मे महिन्यातच पाऊस लागला आणि पुढे हटेना. ते दिवस डोळ्यांत घड धरायचे. ऊन मिळाले नाही, त्यामुळे गोडी छाटणीनंतर अनेक बागांत घडच कमी निघाले. म्हणजे फेब्रुवारीत माल कमी येणार, हे जूनच्या ढगांनी सांगून ठेवले होते. ज्याच्या वेलीवर माल टिकला, त्याने अशा वर्षी घाईने सौदा करू नये. दुसऱ्याच्या नुकसानीवर बोलणे बरे वाटत नाही, पण बाजाराचा हिशेब असाच चालतो.

एक जुनी गोष्टही सांगतो. २०१० साली युरोपाने आपली द्राक्षे अडवली. वेलीची वाढ रोखायला वापरतात त्या एका औषधाचा अंश मण्यांत सापडला होता. बंदरावर माल पडून राहिला, शेतकऱ्यांचे फार नुकसान झाले. परदेशी न गेलेला माल देशातच विकावा लागतो. त्याचे ओझे मग सगळ्यांच्या भावावर पडते. म्हणून औषधाच्या डब्यावरची चिठ्ठी वाचावी. किती मात्रा, तोडणीच्या आधी किती दिवस फवारणी बंद, हे तिथे लिहिलेले असते. दुकानदाराला विचारू नये असे नाही. पण आधी आपण वाचावे.

भाव फारच पडला तर बेदाणा करता येतो. तासगावचा बेदाण्याचा बाजार मोठा आहे. द्राक्षे औषधी पाण्यात बुडवून सावलीच्या शेडमध्ये जाळीवर पसरतात. कोरड्या हवेत पंधरा दिवसांच्या आसपास ती वाळतात. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. समजा, ताजा माल वीस रुपये किलोने जातो आहे. चार किलोचे झाले ऐंशी रुपये. शेड, औषध, मजुरी यांचा खर्च किलोमागे तीस धरा. एकशे दहा झाले. बेदाणा याच्यावर गेला तरच सुकवण्यात फायदा. बेदाणा शीतगृहात ठेवून पुढे विकता येतो, हा त्याचा मोठा गुण. मात्र शीतगृहाचे भाडेही वहीत लिहा.

आता बांधावरचा सौदा पाहू. व्यापाऱ्याजवळ रोज सकाळी चार गावचे भाव असतात. बागाईतदाराजवळ एकच भाव असतो, आणि तोही व्यापाऱ्यानेच सांगितलेला. समजा, व्यापारी बागेत आला आणि म्हणाला,

"काका, माल बरा आहे. पण नाशिकचा माल उतरलाय. अठ्ठावीसच्या वर जमणार नाही."

"शेठ, परवाच निफाडच्या पाहुण्यांचा फोन आला होता. थंडीनं त्यांची तोडणी लांबलीय. अजून दहा दिवस तरी तिकडून माल निघत नाही."

"बरं, तेहेतीस घ्या. उद्या पेट्या पाठवतो."

एका फोनने किलोमागे पाच रुपये वाढले. एकरी शंभर क्विंटल माल धरला तर ते किती होतात? दहा हजार किलो गुणिले पाच. पन्नास हजार रुपये.

त्यासाठी ऑक्टोबरातच विचारपूस सुरू करावी. नाशिकला, सांगलीला ओळखीचे कुणी तरी असतेच. त्यांच्याकडे छाटण्या कधी झाल्या, घड किती निघाले, हे विचारून वहीत टिपावे. त्यावरून फेब्रुवारीचा अंदाज येतो. ज्याच्याकडे दोन एकर आहे, त्याने दोन्ही एकर एकाच दिवशी छाटू नयेत. पंधरा दिवसांचे अंतर ठेवावे. फार लवकर छाटले तर पावसाची भीती, फार उशिरा छाटले तर उन्हाची आणि गारांची. मधले अंतर प्रत्येकाने आपल्या पाण्याकडे पाहून ठरवावे, कारण उशिराच्या बागेला मार्चातही पाणी लागते.

सौदा ठरला की कागद करावा. भाव, तारीख, पैसे कधी मिळणार, व्यापाऱ्याचे पूर्ण नाव आणि गाव. रोजच्या वजनाची चिठ्ठी रोज घ्यावी. गाडी भरून नेऊन व्यापारी पुन्हा न दिसल्याचे प्रकार झालेले आहेत. आमच्या ओळखीच्या एका घरी अशा बुडालेल्या पैशाने मुलीचे लग्न दोन वर्षे लांबले. त्यांच्याजवळ एकही कागद नव्हता, म्हणून तक्रार करायलाही आधार नव्हता. आणखी एक. तुम्ही सही करायला शिकलात याचा मला आनंद आहे. कोऱ्या कागदावर ती कुणी मागितली तर देऊ नका.

वहीत करावयाचे काम: एका पानावर चार रकाने आखा. गाव, छाटणीचा महिना, तोडणीचा महिना, आजचा भाव. बागलाण, निफाड, तासगाव आणि कडवंची ही नावे लिहा. छाटणी-तोडणीचे महिने या पाठातून शोधा. जिथे दिले नाहीत तिथे गावातल्या बागाईतदाराला विचारा. भावाचा रकाना वर्तमानपत्रातून भरा. मग हे गणित सोडवा. ताज्या द्राक्षाला पंचवीस रुपये किलो भाव आहे आणि बेदाण्याला किलोमागे तीस रुपये खर्च येतो. बेदाणा किती रुपयांच्या वर विकला तर सुकवणे परवडेल?