हिरवा रस : स्वरस कल्पनेच्या दृष्टीने विचार

सकाळी अनशापोटी पेलाभर हिरवा रस घेण्याची प्रथा आता बरीच रूढ झाली आहे. उद्यानांच्या प्रवेशद्वाराशी दुधी, कारले, कोरफड, गव्हांकुर यांचे रस मिळतात. घरोघरी पालक, केळे व दूध मिक्सरमध्ये एकत्र फिरवून ‘ग्रीन स्मूदी’ केली जाते. रुग्ण हे पेय आहार समजून घेतो, म्हणून वैद्यास सांगत नाही. आणि बहुधा आपणही विचारीत नाही. वस्तुतः ओली वनस्पती कुटून, पिळून काढलेला रस म्हणजे पंचविध कषाय कल्पनांतील प्रथम कल्पना, स्वरस होय. चोथ्यासह फिरविलेली स्मूदी कल्काच्या जवळ जाते. जे कल्पना म्हणून घ्यावयाचे, त्यास मात्रा, काल व निषेध हवेतच. ते कोणते, याचा येथे थोडक्यात विचार करू.

मात्रा

पाचही कल्पनांत स्वरस सर्वांत गुरू. म्हणूनच शार्ङ्गधराने त्याची मात्रा अर्धा पल, म्हणजे प्रचलित मानाने सुमारे 24 मि.लि. सांगितली, रात्रभर ठेवलेल्या किंवा अग्निसिद्ध रसाची एक पल. आजचा पेला 250 मि.लि.चा असतो, म्हणजे जवळजवळ दसपट. काकडीसारख्या आहारद्रव्यास औषधी मात्रा जशीच्या तशी लागू नाही, हे मान्य. तथापि मंदाग्नीच्या रुग्णाने एवढा गुरू, शीत रस रोज घेतल्यास आध्मान, अरुचि, द्रवमलप्रवृत्ति यांचे कारण अन्यत्र शोधीत बसण्याचे प्रयोजन नाही.

शाकावरील संस्कार

चरकसंहितेच्या अन्नपानविधि अध्यायात शाक हे गुरू, रूक्ष व बहुधा विष्टंभ करून पचणारे म्हटले आहे. ते वाफवून, रस पिळून टाकून, स्नेहयुक्त करून घेणे प्रशस्त मानले आहे. आपण आज नेमके उलट करतो : कच्चे शाक घेतो आणि टाकावयाचा रस पितो.

या संस्काराचे मर्म आधुनिक रसायनशास्त्रानेही कळते. 100 ग्रॅम कच्च्या पालकात सर्वसाधारणतः 600 ते 1000 मि.ग्रॅ. ऑक्झलेट असते. माठ, अळू, चुका यांतही ते पुष्कळ असते. पाला उकळून पाणी टाकल्यास त्याचा बराच अंश निघून जातो. मूतखड्याच्या रुग्णास दिवसभरात 100 मि.ग्रॅ.हून कमी ऑक्झलेट सुचविण्याची पद्धत आहे, हे ध्यानी घेता एका पेल्याचे गांभीर्य उमगते. 2018 साली अमेरिकेतील एका वृक्कविषयक नियतकालिकात 65 वर्षांच्या स्त्रीची हकीकत प्रसिद्ध झाली. ऑक्झलेटबहुल हिरव्या रसाच्या अल्पकालीन ‘शुद्धी’नंतर तिचे वृक्क कायमचे निकामी झाले. पूर्वी झालेली जठराची शस्त्रक्रिया व दीर्घकाळ घेतलेली प्रतिजैविके ही तिच्या बाबतीत साहाय्यक कारणे होती. असे पूर्ववृत्त आपल्याही रुग्णांत आढळते.

कडू दुधी

‘कडू ते औषध’ ही समजूत येथे प्राणघातक ठरते. कडू दुधी म्हणजेच इक्ष्वाकु. चरकाच्या कल्पस्थानात त्यावर स्वतंत्र अध्याय असून तेथे तो वामक द्रव्य म्हणून आला आहे, नित्य पेय म्हणून नव्हे. 2010 साली दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा कडू दुधीचा रस घेतल्यानंतर मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीचा अहवाल 2012 साली प्रसिद्ध झाला. त्यातील सूचना सोप्या आहेत : रस काढण्यापूर्वी लहान फोड चाखावी, कडू लागल्यास संपूर्ण फळ टाकावे, असा रस दुसऱ्या रसात मिसळू नये, मळमळ, वांती, अतिसार वा अस्वस्थता होताच रुग्णालय गाठावे. यातील कुकुर्बिटेसिन या विषद्रव्यावर विशिष्ट उतारा नाही. दुधी कारल्यासह काढल्यास त्याचा कडवटपणा कळतच नाही, म्हणून हे मिश्रण निषिद्धच मानावे.

घरी करावयाचा विधी

दोन व्यक्तींसाठी : कोथिंबीर एक मूठ, पुदिन्याची 10-12 पाने, चाखून घेतलेली अर्धी काकडी, बी काढलेला एक आवळा (तो नसल्यास अर्धे लिंबू), आल्याचा लहान तुकडा. पाला वाहत्या पाण्यात तीन-चार वेळा धुवावा. न धुतलेल्या कच्च्या पाल्यातून कृमींची अंडी पोटात जातात. अर्धी वाटी पाणी घालून वाटावे, भाजलेल्या जिऱ्याची पूड व सैंधव घालावे आणि लगेच प्यावे. प्रत्येकी 100 मि.लि. पुरे. पालक घालावयाचा झाल्यास थोडाच घ्यावा, दोन-तीन मिनिटे उकळून पाणी टाकावे. दूध घालू नये : मुळा, लसूण, तुळस इत्यादींनंतर दूध चरकाने निषिद्ध मानले आहे, केळे व दूध हा संयोगही विरुद्धच. भूक लागल्यावर घ्यावे; वर्षा ऋतूत, प्रतिश्याय वा अतिसार असता घेऊ नये.

विशेष दक्षता

मूतखडा व वृक्कविकार असणाऱ्यांस हा रस नित्य देऊ नये. वॉरफेरिन घेणाऱ्याने हिरव्या पाल्याचे प्रमाण एकाएकी वाढवू नये. त्यातील ‘के’ जीवनसत्त्वाने औषधाचे कार्य मंदावते.

औषधालय चालकांस विनंती की, दुधीचा रस करताना प्रत्येक फळ स्वतंत्र चाखावे. एक कडू फळ संपूर्ण घाण्यास दूषित करते. ग्राहकाने बाटली मागितल्यास मात्रा व त्याचे विकार विचारल्यावाचून देऊ नये.

रुग्णपरीक्षणात आहाराचे प्रश्न आपण विचारतोच. त्यांत ‘सकाळी उठल्यावर काय पिता, आणि किती?’ हा एक प्रश्न वाढवावा. त्याच्या उत्तरात कित्येकदा व्याधीचा हेतू सापडेल.