गॅस मॉनिटरचा अलार्म कोणत्या आकड्यावर लावावा?

प्रश्न : ड्रेनेजच्या चेंबरसाठी चार वायूंच्या मॉनिटरमध्ये अलार्मचे आकडे कोणते ठेवावेत?

उत्तर : अशा मॉनिटरमध्ये विषारी आणि ज्वलनशील वायूंना दोन पातळ्या असतात : पहिली सावध करणारी, दुसरी तत्काळ बाहेर पडायला सांगणारी. ऑक्सिजनवर दोन्ही बाजूंनी लक्ष ठेवावे लागते, 19.5 टक्क्यांखाली गुदमरण्याचा धोका, 23.5 च्या वर आगीचा. हायड्रोजन सल्फाइडसाठी 10 आणि 15 पीपीएम, कार्बन मोनॉक्साइडसाठी 35 आणि 200 पीपीएम हे आकडे सर्रास वापरात आहेत. खरा घोळ होतो तो ज्वलनशील वायूच्या आकड्यात. पडद्यावरचे 10 टक्के म्हणजे हवेतले 10 टक्के नव्हेत, तर स्फोटाच्या किमान मर्यादेचा दहावा भाग. मिथेनची ही मर्यादा साधारण 5 टक्के, म्हणजे हवेत जेमतेम अर्धा टक्का मिथेन असतानाच भोंगा वाजतो. सारखा वाजतो म्हणून आकडा वाढवून ठेवणे हा निव्वळ आत्मघात. सडक्या अंड्याच्या वासावर विसंबणेही तसेच. 100 पीपीएमच्या आसपास हायड्रोजन सल्फाइड नाकच बधिर करतो.

अलार्मच्या आकड्यांत बदल केल्यावर मोकळ्या हवेत ऑक्सिजन 20.9 आणि बाकीचे शून्य दिसते ना, ते पाहावे. मग चाचणीचा वायू सोडून भोंगा, दिवा आणि कंपन तिन्ही तपासावेत.